भुर्र

१० एप्रिल १९५५, रविवार. अंबरनाथ

शेवटी ठरलं. मिनूला नागपूरला वृंदाकडे ठेवायचं. वृंदा माझी धाकटी बहीण. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात मूल नाही. मिनूची आई, उमा, गेली तेव्हा मिनू दहा महिन्यांची होती, आणि तेराव्याच्या दिवसापासून वृंदा म्हणतेय, "दादा, तिला माझ्याकडे दे." मी वर्षभर टाळलं. पण मार्चमध्ये मिनूला गोवर आला, अंग तापून लाल, आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी रात्रपाळी. मिनूला सांभाळणारी बनूबाई बुवापाड्याहून सकाळी येते आणि दिवेलागणीनंतर आपल्या घरी जाते. त्या आठवड्यात ती मुक्कामाला राहिली म्हणून निभावलं. पुन्हा असं झालं तर? पुरुषमाणसाने एकट्याने पोर वाढवायची म्हणजे नुसता सावळागोंधळ. मोठी होईपर्यंत तिथेच राहील, तिचं भलं त्यातच आहे. हे वाक्य मी आज जो भेटेल त्याला ऐकवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, त्यामुळे ते खरं असावं.

वृंदाच्या यजमानांनी, विष्णुपंतांनी, कळवलंय की मे महिन्याच्या उकाड्यात पोर रेल्वेने आणू नका, विमानाचं तिकीट मी काढतो. वकील माणूस, नाही म्हणायला जागाच ठेवत नाही. अडीचेक तासांचा प्रवास. मोठ्या माणसाला काहीच नाही. पण पावणेदोन वर्षांची मुलगी तेवढा वेळ मांडीवर बसवायची कशी?

१३ एप्रिल

विमानात मूल कसं रमवावं याबद्दल कारखान्यात प्रत्येकाला मत आहे. विमानात बसलेला मात्र त्यांत एकही नाही. हेडक्लार्क म्हणाले, गुटीत जायफळ जरा सढळ हाताने उगाळा, नागपूरपर्यंत झोपेल. मी म्हटलं, मुलगी न्यायचीय, पार्सल नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, ती कुणाला सांगितली नाही. मिनू माझ्याकडे येतच नाही. मी घरी आलो की ती बनूबाईच्या लुगड्यामागून माझ्याकडे अशी बघते, जणू विम्याचा एजंट आलाय. चूक तिची नाही. वर्षभर मी केलं काय? यायचं, हातपाय धुवायचे, पेपर उघडायचा, आणि तिने पेपर ओढला की हाक मारायची, "बनूबाई, हिला घ्या." अनोळखी माणसाच्या मांडीवर तासन्‌तास बसायला मीसुद्धा तयार होणार नाही.

तेव्हा आता तालीम. रोज संध्याकाळी व्हरांड्यात दोन खुर्च्या एकामागे एक ठेवायच्या, मागच्या खुर्चीत मी, मांडीवर मिनू. विमान सुटलं असं समजायचं.

१५ एप्रिल

विमान सुटण्याआधीच पडलं. मांडीवर घेतल्याबरोबर मिनू काठीसारखी ताठ झाली आणि असा टाहो फोडला की शेजारच्या क्वार्टरमधून माणसं डोकावली. बनूबाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणाली, "साहेब, चोर धरल्यावानी काय धरताय तिला? सैल सोडा जरा. पोर हाय ती."

सैल सोडली, तर पळून गेली.

१७ एप्रिल, रविवार

उल्हासनगरला गेलो होतो, कॅम्प चारमध्ये खेळणी चांगली मिळतात म्हणून. लेखराज नावाचा सिंधी दुकानदार. एका बराकीच्या पुढच्या भागात दुकान, मागच्या भागात संसार. त्याने माझ्यासमोर पत्र्याचे बेडूक, पिपाण्या, डमरू, सगळा बँडच मांडला. मी म्हटलं, "शेठ, विमान में बजाने का नहीं. चुपचाप खेलने का कुछ दो."

"साईं, बच्चा और चुपचाप?" तो म्हणाला. मग रबराची बाहुली काढली, तिची किंमत अशी सांगितली की बाहुली विलायतेहून स्वतःच्या खर्चाने आली असावी. आमची बराच वेळ घासाघीस चालली. पोरगी कुणाची, किती मोठी, नागपूरला कशाला, परत कधी, सगळं त्याने विचारून घेतलं. मी सांगितलं, "मी दोन दिवस में वापस आएगा. बच्ची उधर ही रहेगी, मेरी बहन के पास. इसकी माँ नहीं है ना."

मग तो घासाघीस करीना. मी म्हटलेल्या भावात बाहुली कागदात बांधून दिली, वर एक लाकडी भोवराही टाकला. मला वाटायचं सिंध्याशी भाव करणं आपल्याला जमणार नाही. चिकाटी धरली की जमतं.

२१ एप्रिल

बाहुलीला मिनूने हात लावला नाही. भोवरा चाटून पाहिला आणि टाकून दिला.

पण आज गंमत झाली. माझ्या कोटाच्या खिशात रिकाम्या आगपेट्या होत्या. आमचा कारखाना आगपेट्यांचा आणि मी पेट्यांच्याच खात्यावर आहे, नमुने नेहमी खिशात असतात. मिनूने एक ओढून काढली, आतला खण बाहेर सरकवला, आत पाहिलं, आणि दोन्ही हात पसरून मला म्हणाली, "नाई!" काही नाही, असं. मी दुसरी दिली. "नाई!" तिसरीत मी हळूच शर्टाचं बटण ठेवलं. ती उघडली तेव्हा तिचा चेहरा काय झाला म्हणून सांगू! बटण तोंडात जाणार एवढ्यात मी काढून घेतलं, त्याच्या जागी चिंचोका ठेवला, मग तोही धोक्याचा वाटला म्हणून लाल चिंधी ठेवली. दिवे लागेपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. आपण बसलोय हे तिच्या लक्षातच आलं नाही.

पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी मी हललो नाही.

२४ एप्रिल, रविवार

आता मी आलो की ती पळत येते. "बाबा, पेती." खुर्ची स्वतः ओढायला बघते. वर्षभर हे सुख माझ्याच घरात पडलं होतं आणि मी पेपर वाचत होतो.

विमानाची गोष्ट तिला सांगायला हवी होती, पण कोणत्या शब्दांत? तो प्रश्न बनूबाईने न विचारता सोडवला. रोज उन्हं कलली की ती मिनूला कडेवर घेऊन देवळाच्या वाटेने ओढ्यापर्यंत, बदकं दाखवायला, फिरवून आणते. निघताना विचारते, "भुर्र जायचं का भुर्र?" की मिनू लगेच आपले बूट शोधायला लागते. चिमणी उडते तीही भुर्रच. मग विमानाला याहून नेमका शब्द कुठला? आज मी हात पसरून व्हरांडाभर धावलो, तोंडाने आवाज केला आणि सांगितलं, "मिनू बाबाबरोबर भुर्र जाणार. मोठ्ठं भुर्र!" ती टाळ्या पिटत "भुल्ल, भुल्ल" करत बुटांकडे धावली.

मुलांशी खोटं बोलू नये या मताचा मी आहे. तिला सगळं खरं सांगितलं याचं समाधान वाटलं. बनूबाई मात्र आज गप्प होती. तिची दाढ पुन्हा दुखत असावी.

२ मे

आज तालमीत मिनू माझ्या छातीवर झोपली. शर्टाची कॉलर मुठीत धरून. सोडवायला गेलो तर मूठ आणखी घट्ट.

तसाच बसून राहिलो आणि मनात आलं, तार करावी, येत नाही म्हणून. पाळी बदलून मागता येईल. बनूबाई आहे. मग पुन्हा मार्चमधला तिचा ताप आठवला. वृंदाने खोलीला रंग दिलाय, पाळणा आणलाय, तेही आठवलं. आता नाही म्हटलं तर ती काय म्हणेल? विष्णुपंत काय म्हणतील? तिकीट निघालंय. माणसाने एकदा ठरवलं की डळमळू नये. तार केली नाही.

८ मे, रविवार. नागपूर

फत्ते!

काल कारखान्याची गाडी मुंबईला जात होती तिने आलो. निघताना बनूबाईने मिनूला ओवाळायला हवं होतं, पण तिने नेमकी कालच दांडी मारली. निरोपही नाही. असो.

सांताक्रूझला सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात. मिनूला काट्यावरून उतरायचंच नव्हतं. विमान सुटताना कानठळ्या बसल्या. हवाई सुंदरीने कापूस दिला आणि गोळ्यांचं ताट फिरवलं. मिनूला गोळी चघळता येत नाही, म्हणून मी बाटलीतून घोट घोट पाणी पाजत राहिलो, म्हणजे कान दुखत नाहीत असं वाचलं होतं. मग काढल्या पेट्या. कोटाचे दोन्ही खिसे भरून आगपेट्या निघाल्या तशी हवाई सुंदरी घाबरून धावत आली. तिला एकेक उघडून दाखवावी लागली, आणि मिनू तिला प्रत्येक पेटीला बजावत होती, "नाई! नाई!" आजूबाजूचे सगळे हसले. मागचे एक पारशी गृहस्थ स्वतःची रिकामी पेटी पुढे करून म्हणाले, "बाबा, ए बी लो."

पेट्या संपल्यावर रुमालाच्या गाठी सोडवून झाल्या. मग खिडकी. खाली नदी दिसली तर मला दाखवून म्हणाली, "पाई." पाणी. मध्ये विमान हवेच्या खड्ड्यात बदकन आपटलं, मोठी माणसं रामराम म्हणू लागली, आणि ही हसून म्हणते, "बाबा, आनी!" आणखी! शेवटी माझ्या दंडावर डोकं टेकून गुणगुणत बसली. एक अश्रू नाही. उतरताना सुंदरी म्हणाली, इतकं समाधानी मूल मी पाहिलं नाही. माझी छाती फुगली हे कबूल करतो.

वृंदा विमानतळावर आली होती. तिने हात पुढे केले. मिनूने माझ्याकडे पाहिलं, मी "जा" म्हटलं, ती गेली.

११ मे. परतीच्या गाडीत

निघण्याचा प्रश्न वाटला होता तेवढा अवघड गेला नाही. वृंदा म्हणाली, "दादा, ती रमलीय तोवर निघ. बघितलं की रडून आकांत करील." सगळेच असं करतात, मलाही पटलं. मी सगळ्या पेट्या भरल्या, कुठे चिंधी, कुठे चांदीचा कागद, कुठे मोरपिसाचा तुकडा, आणि तिच्यापुढे मांडल्या. ती पहिली उघडायला लागली तेव्हा मी चपला हातात घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो. फाटकापाशी आलो तरी आतून तिचा आवाज येत होता, "नाई!"

रडली नाही हे किती बरं झालं.

२९ मे, रविवार. अंबरनाथ

घरात आवाज नाही. कारखान्याचा भोंगा हल्ली जास्तच मोठा वाजतो असं वाटतं.

व्हरांड्यातल्या खुर्च्या अजून एकामागे एक आहेत. हलवायच्या राहून गेल्या. बनूबाई आज आली, म्हणाली दुसरीकडे काम धरलंय, पण मिनूचं झबलं राहिलंय का एखादं, माझ्या नातवंडाला होईल. मी दिलं. तिच्या नातवाला मी पाहिलंय, तो चार वर्षांचा आहे.

१७ जुलै, रविवार

विष्णुपंत हायकोर्टाच्या कामासाठी मुंबईला आले होते, आज जेवायला इकडे आले. मिनूची खुशाली मी ते बसायच्या आतच विचारली.

"मजेत आहे," ते म्हणाले. "गोड पोर आहे हो. एक गंमत सांगतो. तुम्ही परत गेलात ना, त्यानंतर रोज संध्याकाळी बूट घेऊन दारात जाऊन बसायची. वृंदाला म्हणायची, 'भुल्ल झालं. घली.' रोज! वृंदा सांगायची, अगं हेच घर. तर मान हलवायची आणि पुन्हा तेच, 'भुल्ल झालं.' महिनाभर चाललं. आता सोडलंय."

ते हसले. मीही हसलो असेन. पुढे काय जेवलो ते आठवत नाही.

भुर्र म्हणजे उडणं, हे मला. तिला भुर्र म्हणजे ओढ्यापर्यंत जायचं, बदकं बघायची, आणि घरी यायचं. घरी न येणारं भुर्र तिने कधी पाहिलंच नव्हतं. मी तिला सांगितलं मोठं भुर्र, म्हणून ती माझ्याबरोबर हसत आली, एक अश्रू न काढता. आणि मग महिनाभर तिला वाटत राहिलं की बाबा विसरला असेल, फिरणं संपलंय आणि आता घरी न्यायला यायचंय, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. रोज बूट घेऊन सांगत होती. सांगायला मी तिथे नव्हतो. मी मागच्या दाराने गेलो होतो, चपला हातात घेऊन.

मी तिला विमानात रमवायला शिकलो असं मला वाटत होतं. मी तिला फसवायला शिकलो.

३१ जुलै

मिनूला परत आणायचं. बुवापाड्याला जाऊन बनूबाईच्या दारात उभा राहिलो. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "कवा आणताय?" ती मुक्कामाला राहायला तयार आहे. कायमच्या दिवसपाळीचा अर्ज दिला. दिवसपाळी दिवाळीनंतर मिळेल, त्याआधी नाही, कितीही हात जोडले तरी. वृंदाला कळवलं. तिचं उत्तर आलं, दोनच ओळी: तुझीच मुलगी आहे, दादा. दिवाळीला ये.

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. नागपूर

काल पोचलो. मिनूने मला ओळखलं नाही.

उंच झालीय. बोलते किती! वाक्यंच्या वाक्यं. वृंदाला "आई" म्हणते. कुणी शिकवलं नाही, असं वृंदा मला दोनदा म्हणाली. माझ्याकडे तिने वृंदाच्या पदराआडून पाहिलं, जसं पूर्वी बनूबाईच्या आडून पाहायची. मी पेटी काढून दाखवली. तिने विष्णुपंतांना विचारलं, "हे काका कोण?"

१६ नोव्हेंबर, भाऊबीज

दोन दिवसांत ओळख थोडी वाढली. काल माझ्या हाताला धरून बागेत जास्वंद दाखवायला घेऊन गेली. मला वाटलं, आता हिला सांगायची वेळ आली. खाली बसलो आणि जुन्या सवयीने तोंडातून निघालं, "मिनू, बाबाबरोबर भुर्र जायचं?"

तिने हात सोडवून घेतला. रडली नाही, ओरडली नाही. चालत वृंदाकडे गेली, तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि म्हणाली, "भुर्र नको. मी शहाणी आहे." पुन्हा पुन्हा तेच, "मी शहाणी आहे." वृंदा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

आज वृंदाने मला ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली. चांगल्या मोठ्या किनारीची, मुंबईहून आणलेली. तिने ती उघडलीसुद्धा नाही. ती मिनूकडे बघत होती, आणि मिनू ताटातल्या निरांजनाकडे. दुपारी आतल्या खोलीत डोकावलो तर वृंदा मिनूचे कपडे ट्रंकेत भरत होती. एकेक फ्रॉक घडी करून ठेवायची, पुन्हा काढून नव्याने घडी करायची. मला बघून म्हणाली, "लोकरीचा कोट वर ठेवलाय, दादा. गाडीत गार वाटलं तर लागेल."

मी म्हटलं, "वृंदा, ट्रंक राहू दे."

तिला कळलं नाही. मग कळलं, तेव्हा ती तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मला वाटतं सहा महिन्यांत या घरात जे रडू यायला हवं होतं ते सगळं तिने एकटीने साठवलं होतं. बनूबाईला आता काय सांगायचं? नातवाला न बसणारं झबलं घेऊन गेलेली बाई. तिला काय सांगायचं?

१८ नोव्हेंबर. नागपूर स्टेशन

गाडीला वेळ आहे, म्हणून इथे बाकावर बसून लिहितोय.

टांगा दारात आला तेव्हा मिनू मागच्या अंगणात खेळत होती. वृंदा म्हणाली, "तिचं लक्ष नाही, तोवर निघ, दादा."

मी म्हटलं, "नाही. बोलाव तिला."

मिनू आली. मी गुडघ्यांवर बसलो, म्हणजे तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. म्हटलं, "मिनू, बाबा जातोय."

"जातो म्हणू नये रे," वृंदा मागून म्हणाली. "येतो म्हण."

"नाही. जातोय," मी म्हटलं. "मिनू, बाबा आता गाडीत बसून त्याच्या घरी जातोय. तू इथेच राहायचं, आईजवळ. हे तुझं घर. बाबा आज परत येणार नाही. उद्याही नाही. दिवाळी पुन्हा आली की येईल."

त्यातलं तिला काय कळलं मला ठाऊक नाही. तिने माझ्या बॅगेकडे पाहिलं, टांग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला आणि ती रडायला लागली. मोठ्याने, तोंड उघडून, डोळे मिटून. माझी कॉलर तिने मुठीत धरली. मीही काही खेळणं काढलं नाही, कावळा-चिमणी दाखवली नाही, उगी उगी म्हटलं नाही. तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला वृंदाच्या कडेवर दिलं.

टांगेवाला घाई करत होता. फाटकाबाहेर आलो तरी ते रडणं ऐकू येत होतं, "बाबा, बाबा" असं. मी त्याला जरा थांबायला सांगितलं आणि ऐकत उभा राहिलो. ती माझ्यासाठी रडत होती, आणि लिहायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं.